सूर्याची चौकट आणि माझ्या कुरडया

बाईंच्या घरातली खालची खोली माझी आहे, असं मी कधी मोठ्यानं म्हटलेलं नाही. मनातसुद्धा जपूनच म्हणते. खोलीत एक खाट आहे, जांभळाच्या झाडाकडे उघडणारी खिडकी आहे आणि एक लोखंडी कपाट आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यांत बाईंची कॉलेजातली जुनी पुस्तकं, वरच्या कप्प्यात माझे कपडे. त्याचं दार मी हळूच लावते. आवाज झाला तर कुणाच्या तरी लक्षात येईल की इथे कुणी राहतंय, आणि मग पुढचा प्रश्नही सुचेल, की का राहतंय.

माझं गाव हिंगोलीकडचं. सातवीनंतर शाळा सुटली. कुणी मुद्दाम सोडवली नाही. आई आजारी पडली, घरात पाणी भरायला माणूस नव्हतं, त्यात एक वर्ष गेलं, आणि मग धाकट्या पोरींच्या बाकावर जाऊन बसायची लाज वाटली. पुढे आत्याबरोबर महाडला आले. आत्या एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे करायची. तिला इथली दमट हवा मानवली नाही, ती परत गेली. मी राहिले, कारण त्याच सुमाराला बाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि त्यांना आठ दिवसांसाठी कुणीतरी हवं होतं.

ते आठ दिवस अजून चालूच आहेत. मधे कितीतरी पावसाळे गेले. पण सकाळी उठताना मला अजूनही वाटतं, आज बाई म्हणतील, ‘बरं, आता माझं मी बघते.’

बाई महाडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी पोलादपूरच्या पुढे, घाटाचा रस्ता चढायला लागतो त्याच्या अलीकडच्या वाडीत हे स्लॅबचं घर बांधलं. एकट्याच आहेत. गुडघा तेव्हाचा गेला तो गेलाच, जिना चढत नाहीत. त्यांनी मला रोजचा पेपर वाचायला लावला. माझ्या नावाचं बँकेत खातं उघडलं. दाढ दुखत होती तेव्हा स्वतः रिक्षा करून महाडला घेऊन गेल्या आणि डॉक्टरच्या खुर्चीत माझा हात धरून बसल्या. हे मी विसरत नाही. विसरेन की काय अशी भीती वाटते, म्हणून रोज आठवते.

तर त्या उन्हाळ्यात बाईंकडे दोन मुलं प्रोजेक्टला आली. कॉलेजात शिकणारी मुलं सुट्टीत कुणा जाणत्या माणसाच्या हाताखाली खरंखुरं संशोधन करतात, तसलं काम. विषय होता सूर्य. शहरात विजेच्या तारांची, मोटारींची गुणगुण फार, त्यात हे काम होत नाही म्हणे. आमच्या वाडीत गुणगुण नव्हती, म्हणून बाईंचं घर.

मुलगा महाड शहरातला. वडील दुबईला. स्कूटरवर यायचा, दुपारी जेवून, पंख्याखाली लवंडून, ऊन कललं की परत जायचा. त्याच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. मुलगी वरंधकडची. वडील शाळामास्तर, ती पुण्याला बीएस्सीला. ती राहायलाच आली. गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे, तिथे तिनं सॅक टाकली आणि पहिल्याच चहाला बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीवर मी कधी बसत नाही. बसू नकोस असं मला कुणी सांगितलेलं नाही.

चौकोनी लाकडी चौकट करायची आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळायची, असं चाललं होतं. बाई म्हणाल्या, “ऐंशी वेढे पुरतील.”

“मला नाही पटत, मॅडम,” ती म्हणाली. “शंभर तरी घेऊ या.”

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. मला वाटलं आता काहीतरी होणार. बाईंनी चष्मा वर केला, पुढे वाकल्या आणि विचारलं, “का?”

तो ‘का’ मला अजून ऐकू येतो. त्यात राग नव्हता. भूक लागलेल्या माणसापुढे ताट यावं तसा तो आवाज होता. इतक्या वर्षांत बाईंनी माझ्याकडे बघून तसं ‘का’ विचारलं नव्हतं. त्यांना तरी कसं विचारता येणार? आमटी अळणी झालीय म्हणाल्या की मी हो म्हणायचे. खारट म्हणाल्या असत्या तरी हो म्हटलं असतं.

तार महाडच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आली. चौकट सुतारानं केली. वेढे शंभर झाले. दोघांनी मिळून ती माणसाएवढी चौकट गच्चीवर चढवली, बुडाला विटा लावल्या, आणि बाई खाली अंगणात उभ्या राहून ओरडत होत्या, “कड दक्षिणेला! अरे, तोंड नाही, कड! कड दक्षिणेला ठेवा!” माझ्या कानावर ते पडलं, पण हायवेवरचे हॉर्न पडतात तसं. ते माझ्यासाठी नव्हतं.

शेजारच्या काकी कुंपणापाशी येऊन बघत होत्या. “काय गो, ह्यो कसला पिंजरा? माकडं धरायची हायत काय?”

मुलगी वरून आपल्या गावच्या बोलीत ओरडली, “नाय काकी, सूर्य धरायचा हाय!”

“धर बाय, धर. नि चांगला बांधून ठेव. लय तापलाय तो यंदा.”

सगळे हसले. मीही हसले. पण काकींनी त्याच दिवशी तिला घरी बोलावून फणसाचे गरे दिले आणि विचारून विचारून तिच्या आजोळचं कुणीतरी आपल्या नात्यातलं काढलं. मला त्या वाडीत अजून ‘ती हिंगोलीवाली’च म्हणतात.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बाई तिला समजावत होत्या आणि मी ओट्याशी कैऱ्या चिरत ऐकत होते. पार दक्षिणेला, देशाच्या टोकाजवळ, पाणबुड्यांना निरोप धाडायचं एक केंद्र आहे. तिथल्या लहरी आभाळात वर जातात, तिथल्या एका थरावर आपटतात आणि खाली येतात. आपली चौकट त्या पकडते. लॅपटॉपवर एक रेघ दिवसभर पुढे सरकत राहते. सूर्यावर भडका उडाला की आभाळातला तो थर बदलतो, लहर जोरात येते, आणि रेघ एकदम उडी मारून मग हळूहळू खाली उतरते. म्हणजे सूर्याकडे न बघता, व्हरांड्यात बसून, सूर्यावर काय झालं ते कळतं.

मला ते कळलं. कळलं याचाच जास्त त्रास झाला. इतकी वर्षं मी त्या घरात भात लावतेय आणि बाईंच्या डोक्यात असलं काही असतं हे मला माहीत नव्हतं. मला सांगायचं त्यांना सुचलं नाही, विचारायचं मला सुचलं नाही.

एकदा मत्सर सुरू झाला की त्याला खायला काहीही चालतं. ती ताट तिथेच ठेवून उठायची. उशिरापर्यंत झोपायची, केस विंचरलेले नसताना खाली यायची आणि बाई म्हणायच्या, “बाळ, चहा घे आधी.” तिचं घर एसटीनं तासाभरावर, तरी ती जायची नाही. तिची आई कंडक्टरच्या हाती करवंदं पाठवायची, फोनवर चौकशी करायची, आणि ही आरामखुर्चीत पाय वर घेऊन सांगायची, “नाय गो आये, बारीक नाय झाले. ताई लय वाढतात.” माझ्या आईचा फोन आला की तिचं एकच वाक्य असतं: “बाईंला उलटून बोलू नको, नीट राहा.”

आणि मग एका दुपारी जेवताना बाई सहज बोलल्या, “शेवटचं वर्ष झालं की तू इथेच ये राहायला. हे काम नुसत्या सुट्टीत व्हायचं नाही, वर्षभर चालवायला हवं. पावसाळ्यात वर पत्र्याखाली झोप लागायची नाही तुला. पण खाली खोली आहे की.”

“चालेल की, मॅडम!” ती तोंडात घास असतानाच म्हणाली.

मी आमटी वाढत होते. डाव पातेल्यातच राहिला. खाली खोली एकच आहे. मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी लिंबू पिळलं आणि मुलाला विचारलं, भात हवा का.

त्या दिवसापासून मी घरात वस्तू मोजल्यासारखी फिरू लागले. खाट तिला पुरेल. पुस्तकं तिच्याच कामाची. कपाटाचा वरचा कप्पा तेवढा रिकामा करावा लागेल. माझं काय होईल ते नीटसं डोळ्यांपुढे येत नव्हतं. हिंगोलीला घरात आता भावजय आहे, तिच्या दोन मुली आहेत. महाडला कुणाच्या डब्यांच्या स्वयंपाकात शिरता येईल का, याचाही विचार मी केला. बाईंना विचारायचं मात्र मनात आलं नाही. विचारलं असतं तर ‘हो, तुला जावं लागेल’ असं उत्तर आलं असतं.

त्यावर मला एकच उपाय सुचला. मी कुरडया घालायच्या ठरवल्या.

दर उन्हाळ्यात थोड्या घालतेच. इकडे तांदळाच्या फेण्या-पापड्या असतात, गव्हाची कुरडई आमच्याकडची. बाईंना आवडते. त्या वर्षी मी दुप्पट गहू आणले. हिच्याशिवाय हे घर चालायचं नाही, असं ढीग बघूनच कुणालाही वाटावं, इतक्या कुरडया मला घालायच्या होत्या. गहू भिजत घातला, पाणी बदलत राहिले. भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास घरभर झाला. मुलगी नाक धरून स्वयंपाकघरात आली. “ताई, उंदीर मेलाय वाटतं कुठे तरी.”

“उंदीर नाही, तुमच्या ताटात पडायचंय ते.”

“मग मी दोन दिवस उपाशी,” ती म्हणाली, आणि चीक शिजवला तेव्हा मात्र वाटी घेऊन सगळ्यात आधी तीच उभी. गूळ-तूप घालून दोनदा घेतला.

सोऱ्या फिरवायला तिनं मदत केली. तिच्या कुरडया वेड्यावाकड्या पडत होत्या, आणि ती त्यांना हसत होती. गच्चीचा बराच भाग पत्र्याखाली. दक्षिणेच्या कठड्यालगत तेवढी एक अरुंद उघडी पट्टी, तिथे दिवसभर ऊन. त्या पट्टीच्या मधोमध, पट्टी अडवून, चौकट उभी. दोन धोतरं अंथरली आणि जागा संपली. परातीत चीक अजून बाकी होता.

“थांबा ताई, हिला जरा कठड्याला समांतर करू.” तिनं विटा सरकवल्या.

“राहू द्या. बाई काही म्हणतील.”

“संध्याकाळी परत फिरवते की. तुमच्या कुरडया महत्त्वाच्या आहेत का सूर्य?”

चौकट फिरली, जागा झाली. सगळ्या कुरडया उन्हात बसल्या. दुपारी चहा झाल्यावर तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन दारात. चुलत बहिणीची हळद, ही विसरूनच गेली होती. तिनं सॅकमध्ये दोन कपडे कोंबले आणि गेली.

लग्न उरकून येईपर्यंत चार-पाच दिवस गेले. मुलगा रोज येऊन व्हरांड्यात लॅपटॉप उघडायचा. रेघ जमिनीला टेकून सरळ चालली होती. “केंद्रच बंद केलंय लोकांनी. मेंटेनन्स,” तो म्हणायचा. बाई म्हणाल्या, असतं तसं अधूनमधून. मी दिवसातून दोनदा कुरडया उलटायला वर जात होते. चौकट कठड्याला समांतर उभी दिसत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिकलेल्या माणसानं ठेवलेली वस्तू जिथे आहे तिथेच असायला हवी, हे मी धरूनच चालते. बाईंची पुस्तकंसुद्धा मी पुसते आणि उलटी असतील तर परत उलटीच ठेवते.

मग एका सकाळी मुलगा स्कूटर धड उभी न करताच आत आला. त्याच्यासारखंच काम करणाऱ्या दुसऱ्या कॉलेजांतल्या मुलांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. सूर्यावर मोठा भडका उडाला होता, त्या उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा, आणि प्रत्येकानं आपापली उडी मारलेली रेघ ग्रुपवर टाकली होती.

“सगळ्यांना मिळाला, मॅडम. केंद्र चालूच होतं. आपलीच रेघ झोपलीय. ऐसा कैसे?”

मुलगी तेवढ्यात लग्नाहून परतत होती, हातावर मेंदी, पायरीशी चप्पल काढत. तिनं मोबाइल बघितला, लॅपटॉप बघितला, आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. वरून तिचा “अय्यो!” ऐकू आला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या क्षणी मला सगळं कळलं. कड दक्षिणेला हवी होती, आता तिकडे तोंड होतं. ते बाईंचं अंगणातलं ओरडणं. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता खोली तिची नाही. दुसरी लगेच आली, की चौकट माझ्या कुरडयांसाठी फिरली होती.

ती खाली आली. “मॅडम, मी माती खाल्ली.”

बाईंनी वर बघितलं.

“चौकट मी फिरवली. ताईंच्या कुरडयांना जागा होत नव्हती. संध्याकाळी परत लावणार होते, दादा आला नि विसरले. आपण आडवे होतो सूर्यापुढे इतके दिवस. म्हणजे सूर्यापुढे नाही, त्या केंद्रापुढे.”

आता बाई माझ्याकडे बघतील. आता म्हणतील, तुला एवढंही कळलं नाही?

बाईंनी लॅपटॉप जवळ ओढला. “फिरवलीस कधी? त्या दिवशीच्या चहाच्या आधी का नंतर?”

“आधी. सकाळीच.”

“मग त्या सकाळपासून आत्तापर्यंतचं सगळं बाद. तसं लिहून ठेव. का बाद तेही लिही.”

“सॉरी, मॅडम.”

“मला काय सॉरी म्हणतेस? सूर्याला म्हण. परत भडकेल तेव्हा चौकट जागेवर असू दे म्हणजे झालं.” मग माझ्याकडे वळल्या. “आणि काय गं, कुरडया वाळल्या का?”

मुलगा म्हणाला, “वाळल्याच असतील, मॅडम. इतना बडा भडका होता.” आणि तिघेही हसत सुटले. खरोखर हसले, पोट धरून. नंतर तिनं वर जाऊन चौकट फिरवली आणि व्हरांड्यातली रेघ उठून उभी राहिली.

मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले. एकदा माझ्या हातून दूध उतू गेलं होतं. कुणी काही बोललं नव्हतं, तरी पुढे कितीतरी दिवस मी बिनदुधाचा चहा प्यायले, भरपाई म्हणून. आणि इथे ही मुलगी उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा भडका घालवून बसली होती आणि बाहेर बाईंच्या समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. तिचं कॉलेज, तिचा लॅपटॉप, तिची करवंदं, काही म्हणजे काही मला नको होतं. ‘मी माती खाल्ली’ असं म्हणून पुन्हा त्याच खुर्चीत बसता येणं, ते मला हवं होतं. त्याचा मला इतका हेवा वाटला की राखेत हात घालून मी ते एकच पातेलं घासत राहिले.

सुट्टी संपता संपता महाडच्या कॉलेजात मुलांनी आपापलं काम सांगायचा कार्यक्रम झाला. बाईंनी मलाही नेलं, हातात तळलेल्या कुरडयांचा डबा देऊन. मी मागच्या रांगेत बसले. पडद्यावर तिच्या रेघा येत होत्या: उड्या मारलेल्या, सकाळ-संध्याकाळ वाकलेल्या. आणि मग एक सपाट रेघ आली. त्यावर मोठ्या अक्षरांत तिनं लिहिलं होतं, ‘कुरडई’.

सगळं सभागृह हसलं. तिनं मजेत सगळी गोष्ट सांगितली. माझं नाव घेतलं नाही, पण डबा माझ्या मांडीवर होता आणि मला वाटत होतं की तो सगळ्यांना दिसतोय. बाई पुढच्या रांगेत मोकळेपणानं हसत होत्या. त्यांची पाठ हलताना मला मागून दिसत होती.

हसणं थांबल्यावर पुण्याहून आलेल्या एका सरांनी विचारलं, “रेघ चौकटीमुळेच खाली गेली हे कशावरून? केंद्राच्या लहरी तुमच्याकडेच कमी पोचल्या असतील. पुन्हा फिरवून पाहिलं का?”

ती पहिल्यांदाच अडखळली. “नाही, सर. ते राहिलं.”

“मग रिपोर्टमध्ये ते हवं.”

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. तिचं कॉलेज सुरू होत होतं. मुलगा आईबरोबर वडिलांकडे दुबईला गेला. घर पुन्हा दोघींचं झालं आणि मला फार बरं वाटलं. तरी कपाट उघडलं की वरच्या कप्प्याकडे माझी नजर जायचीच.

तिचा फोन आला तेव्हा आम्ही आंबोशी बरण्यांत भरत होतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “चल. चौकट फिरवायची आहे. माझ्यानं जिना चढवत नाही, तुलाच करावं लागेल.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. तिनं ठेवली होती तशीच. रेघ खाली गेली पाहिजे. मग परत सरळ करायची. वर आली पाहिजे.”

मी वर गेले. विटा तापल्या होत्या. पलीकडच्या खाचरात कुणीतरी भाताच्या रोपासाठी राब भाजत होतं, त्याचा धूर कठड्यापर्यंत आला होता. मी चौकटीला हात लावला आणि मागे घेतला. गच्ची झाडताना मी नेहमी तिला वळसा घालून झाडते. खालून बाईंचा आवाज आला, “फिरव!”

“मोडली तर?”

“मोडली तर सुतार आहे. फिरव!”

मी विटा सरकवल्या आणि ती शंभर वेढ्यांची चौकट कठड्याला समांतर केली. कठड्यावरून वाकून खाली बघितलं. मग बाई ओरडल्या, “झोपली! ये बघायला!”

मी धावत खाली गेले. रेघ जमिनीला टेकली होती. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. “हे तू केलंस,” त्या म्हणाल्या.

या वाक्याला मी आयुष्यभर घाबरत आलेले आहे. ते असंही म्हणता येतं हे मला माहीत नव्हतं.

वर जाऊन सरळ केली. रेघ उठली. “एकदा केलं म्हणजे काहीच केलं नाही,” बाई म्हणाल्या, “परत.” मी परत केलं. मग आणखी एकदा. त्या शेवटच्या खेपेला मी विटा पायानंच सरकवल्या.

खाली येऊन पदरानं तोंड पुसलं. आणि का कोण जाणे, बाईंच्या समोर उभी राहून विचारलं, “बाई, पुढच्या वर्षी ती राहायला आली की मी कुठे झोपू?”

“म्हणजे?”

“खालच्या खोलीत ती राहणार ना. तुम्ही जेवताना म्हणालात.”

बाईंनी चष्मा काढला. “तेव्हा ती तुझी खोली आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही,” त्या म्हणाल्या. “पुस्तकांची खोली म्हणून बोलून गेले. चुकलं माझं. तू तेव्हापासून हे मनात घेऊन बसलीयस?”

मी मान हलवली.

“खोली तुझी आहे. तिच्यासाठी वर स्लॅब टाकून घेऊ.”

माझा जीव भांड्यात पडला. पण तेवढंच झालं असं म्हणता येत नाही. त्यांच्या डोक्यात मी नव्हते, हे कुठेतरी लागलं. आणि ‘चुकलं माझं’ त्या किती सहज म्हणाल्या, जेवताना मीठ मागावं तसं. म्हणजे हे त्या मुलीला बाईंकडून आलं होतं की बाईंसारख्या माणसांच्या घरातूनच येतं, कोण जाणे. मला त्या दोघींचा मिळून हेवा वाटला.

फोन वाजला. तिचाच. “हां बाळ!” बाईंचा आवाज एकदम वर गेला. “तीनदा घेतलं. तिन्ही वेळा खाली. मी कशी करणार? हिनं केलं. बोल.”

बाईंनी फोन माझ्या हातात दिला.

“ताई, भारी!” ती ओरडत होती. “खाली पडायला किती वेळ लागला? लगेच पडली का हळूहळू?”

“मला माहीत नाही. मी वर होते.”

“मग परत एकदा करता? मॅडमना फक्त बघायला सांगा. आत्ताच, प्लीज.”

“आत्ता नाही,” मी म्हटलं.

बाईंनी चष्मा वर केला आणि पुढे वाकून माझ्याकडे बघितलं.

“का?” त्यांनी विचारलं.

“आत्ता भाताची वेळ झालीय. आणि तिन्ही वेळा मी चौकट हळूहळू फिरवली. मग रेघ लगेच पडली का सावकाश, ते त्यातून कसं कळणार? उद्या एकदम फिरवून बघते.”

मी बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसले होते. कधी बसले ते माझ्या लक्षात आलं नाही.